पॅच आला की हात धुवायचे

कुणाचा पॅच आला की ताई आधी हात धुवायच्या. चष्मा कपाळावर सरकवायचा, मोरीत जायचं, ड्रममधून तांब्याभर पाणी घ्यायचं, त्यातलं निम्मंच वापरायचं आणि पदराला हात पुसत परत येऊन लॅपटॉपसमोर बसायचं. मग म्हणायचं, "हं, बघू काय पाठवलंय लेकरानं." लेकरू कधी बंगळुरूचं असायचं, कधी जॉर्डनचं, आणि एक लेकरू तर जर्मनीतलं, आजोबा झालेलं होतं.

मी एकदा विचारलं, "ताई, कोड वाचायला हात कशाला धुवायला पाहिजेत?"

"दुसऱ्याच्या घरून आलेला डबा उघडायचा म्हणल्यावर हात धुवायला नकोत व्हय?"

मी भारावून गेलो. असं वाक्य आमच्या कंपनीतल्या एकाही साहेबाला का सुचत नाही, असंही मनात आलं. पुढे काही महिन्यांनी कळलं, की ताई दिवसभर तेल-तिखट लावलेले मुरमुरे खात असायच्या आणि त्यांच्या कीबोर्डावरचं एक बटण त्या तेलानं कायमचं चिकटलं होतं. दोन्ही कारणं खरी होती असं मी आता धरून चालतो.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते जिथे असायला हवं तिथे आहे. टेलिफोन खात्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि पुंडलिकनगरात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. मी पहिल्या भेटीत 'मॅडम' म्हणालो तर म्हणाल्या, "मॅडम ऑफिसात ठिवून आलेय. ताई म्हण." सगळी गल्ली त्यांना ताईच म्हणायची.

आता पॅच म्हणजे सायकलच्या ट्यूबला लावतात तो, एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांनीही घाबरायचं कारण नाही. गोष्ट तीच आहे. काही प्रोग्राम असे असतात, की त्यांचा कोड सगळ्या जगासाठी उघडा ठेवलेला असतो. कुणीही वाचावा, वापरावा. एखाद्याला त्यात भोक दिसलं, की तो एक ठिगळ तयार करतो: या ओळी काढा, या घाला. ते ठिगळ तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या माणसाकडे पाठवतो. सांभाळणारा माणूस ते घेतो, नाहीतर नाकारतो. यात पैसा नसतो, पगार नसतो, आणि म्हणूनच मानापमान लग्नातल्या व्याह्यांपेक्षा जास्त असतो.

ताईंचा प्रोग्राम पाण्याचा होता. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्ही इथले असाल तर मी सांगायला नको, आणि इथले नसाल तर तुमचा विश्वास बसायचा नाही. ते कोणत्या दिवशी येणार याचा अंदाज असतो, कोणत्या वेळी येणार याचा नसतो. त्यामुळे ज्या दिवशी पाळी, त्या दिवशी घरातलं एक माणूस नळापाशी अडकून पडतं. ते माणूस बहुतेक बाईमाणूस असतं. ताई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुपारी मोकळेपणानं कुठे तरी जाता येणार होतं, तर हे पाणी आडवं आलं.

"नोकरीत बी इतकं बांधून ठिवलं नव्हतं मला," त्या म्हणायच्या. "नळ काय माझा साहेब हाय?"

म्हणून त्यांनी प्रोग्राम लिहिला. पाणी सोडणाऱ्या लाईनमननं गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला, की त्यानं एका नंबरावर मिस कॉल द्यायचा. प्रोग्राम तो कॉल ओळखतो आणि त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर दोन शब्द पाठवतो: पाणी सुटलं. पुढच्या गल्लीला साधारण कधी सुटेल तेही सांगतो. बस. पण या दोन शब्दांवर बायका बाजारात जाऊ लागल्या, दवाखान्यात जाऊ लागल्या, एक जण तर शिवणाचा क्लास लावून बसली. पुंडलिकनगरातून तो प्रोग्राम आमच्या गारखेड्यात आला, गारखेड्यातून इतर शहरांत गेला, आणि एक दिवस जॉर्डनमधून एका माणसाचा मेल आला, की आमच्याकडेही आठवड्यातून एकदाच पाणी येतं, आम्ही हे वापरलं तर चालेल का? ताईंनी मला तो मेल दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा लेक शाळेत पहिली आल्यासारखा झाला होता.

माझी आणि ताईंची ओळख भांडणातून झाली. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो आणि त्या काळात मला वाटायचं, की कोड लिहावा तर मीच. ताईंचा कोड मी उघडला आणि नाक मुरडलं. जुन्या वळणाची मांडणी, लांबच लांब ओळी. मी एका रविवारी बसून निम्मा प्रोग्राम उलटापालटा केला आणि पाठवून दिला. वर लिहिलं: कोड फार गचाळ होता, साफ केला आहे. खाली माझं नाव, गारखेडा.

संध्याकाळच्या आत उत्तर आलं. पहिली ओळ: जय भीम. दुसरी ओळ: हे कुणी मागितलं होतं? तिसरी ओळ: पुंडलिकनगरात राहते, गारखेड्याहून लांब नाही, चहाला या.

मी तावातावानं गेलो. ताईंनी चहा ठेवला, मुरमुऱ्यांची परात पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "कसंय बाबा, तू पहिल्यांदा माझ्या घरी आलास. आल्या आल्या सोफा उचलून दुसऱ्या भिंतीला लावला, कपाटातली भांडी खाली काढली, आन् वरून म्हणतोस, घर लई गचाळ व्हतं. अशा पाहुण्याला मी काय म्हणू?"

मी म्हणालो, "चहा घ्या म्हणा."

त्या खळखळून हसल्या. मग त्यांनी लॅपटॉप फिरवून दाखवला. माझ्या एवढ्या मोठ्या पॅचमधली एक ओळ, फक्त एक, त्यांनी प्रोग्रामात घेतली होती आणि तिच्यापुढे माझं नाव लिहिलं होतं. त्या ओळीमुळे एकाच घरात दोनदा निरोप जायचा तो थांबला होता.

"बाकीचं नाय घेतलं. पण डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. आपल्यात पद्धत हाय."

ती पद्धत त्यांनी कधी मोडली नाही. शेजारणीचा डबा आला तर परत देताना त्यात निदान चिमूटभर साखर घालतात, तसं नाकारलेल्या प्रत्येक पॅचबरोबर काही ना काही परत जायचं. कुणाला त्याच्याच चुकीची दुरुस्ती, कुणाला दुसरं एखादं सोपं काम, कुणाला नुसतंच 'तुमच्या गावात पाऊस कसा आहे' एवढी चौकशी. जर्मन आजोबांना त्यांनी एकदा शेंगदाण्याच्या चटणीची कृती पाठवली होती. आजोबांनी ती करून फोटो पाठवला. चटणी ओल्या सिमेंटसारखी दिसत होती, आणि ताईंनी तोही पॅच समजून तीन दुरुस्त्या सुचवल्या.

नाकारण्यात त्यांचा हातखंडा होता. पुण्याच्या एका गृहस्थांनी पॅच पाठवला आणि त्याच दिवशी दोन स्मरणपत्रं पाठवली: कृपया त्वरित निर्णय कळवावा. ताईंनी लिहिलं, "आम्ही पाण्यासाठी थांबतो, तुम्ही पॅचसाठी थांबा." बंगळुरूच्या एका मुलीनं फार सुरेख काम पाठवलं होतं, पण कारणाच्या जागी लिहिलं होतं: असं केल्यानं मला परीक्षेत गुण मिळतील. ताईंचं उत्तर मला पाठ आहे. पॅच चांगला आहे. कारण वाईट आहे. कारण बदलून पाठवा.

कारणावरून त्या फार चिडायच्या. "काय बदललं ते मला कोडात दिसतंय. का बदललं ते तुझ्या डोक्यात हाय. तुझं डोकं तू माझ्याकडं पाठवलंस का? नाय ना? मग लिही." दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे एका पॅचमध्ये एकच काम. दोन कामं असतील तर दोन पॅच. माणूस एका कामाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकला पाहिजे, त्याला पेचात धरायचं नाही. मी कितीदा दोन कामं एकत्र बांधून पाठवली आणि कितीदा ती गाठोडी माझ्या दारात परत येऊन पडली, त्याचा हिशेब नको.

शहराचं नाव बदललं तेव्हाची गंमत सांगतो. प्रोग्रामात सगळ्यात वर शहराचं नाव लिहिलेली एक ओळ होती. एकाच सकाळी दोन पॅच आले. एकात नवं नाव लगेच घाला असं होतं, दुसऱ्यात जुन्या नावाला हात लावाल तर याद राखा असं होतं. दोघांची भाषा अशी, की वाचणाऱ्यानं हेल्मेट घालावं. मी म्हणालो, ताई, यात पडू नका. ताईंनी हात धुतले, दोन्ही पॅच शांतपणे वाचले आणि दोघांनाही एकच उत्तर पाठवलं: पाणी शहरात येत नाही, गल्लीत येतं. गल्लीचं नाव तेच आहे. आणि ती ओळच काढून टाकली. दोघंही भडकले, पण दोघांच्याही घरी पाण्याचा निरोप वेळेवर गेला, त्यामुळे फार ओरडले नाहीत.

जॉर्डनचा तो माणूस सुरुवातीला प्रत्येक मेलमध्ये माफी मागायचा. माझं इंग्रजी वाईट आहे, माफ करा. माझा पॅच लहान आहे, माफ करा. ताई मला म्हणाल्या, "ह्याला कुणीतरी लई रागावलेलं दिसतं रे." त्यांनी त्याला कळवलं, की माफी एकदाच मागायची, तीही चूक सापडल्यावर. पुढे त्यानं विचारलं, तुम्ही प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला लिहिता ते दोन शब्द काय आहेत? ताईंनी लिहिलं, "आम्ही नमस्काराच्या जागी म्हणतो. मी ज्यांच्यामुळे शाळेत गेले, त्यांचं नाव त्यात आहे." तेव्हापासून तोही 'जय भीम' लिहू लागला, उजवीकडून डावीकडे, त्याच्या लिपीत. आणि 'हे कुणी मागितलं होतं?' ही ओळ ताई सगळ्यांनाच रोमन अक्षरांत, पण मराठीतूनच लिहायच्या. तिचा अर्थ त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. ज्याच्या पाठीत बसली त्याला आपोआप कळायची.

आणि एक नियम होता, तो मात्र त्या थट्टेवारी नेऊ द्यायच्या नाहीत. आलेल्या पॅचला त्याच दिवशी उत्तर. हो म्हणा, नाही म्हणा, निदान 'बघते' म्हणा. एकदा त्यांनी मला तपासायला दिलेला एक पॅच माझ्याकडे आठवडाभर पडून राहिला, कारण तो वाचायचा मला कंटाळा आला होता. मी सहज बोलून गेलो, "राहू द्या ना ताई, कुठे पळून जातोय तो."

त्या मुरमुरे खायच्या थांबल्या. "शाळेत असताना वर्गातल्या पोरीच्या घरी पुस्तक मागायला गेले व्हते. तिची आई दारात आली. आत ये बी म्हनली नाय, जा बी म्हनली नाय. घरात गेली. मी उभी. आत पोळ्या लाटायचा आवाज येतोय, आन् मी उभीच. जा म्हनली असती तर गेले असते की गं बाई. मानसाला दारात उभं करून ठिवू नये. एवढंच."

मी त्याच खुर्चीत बसून तो पॅच वाचला आणि उत्तर दिलं. पॅच अगदीच टाकाऊ होता, ते सोडा.

ताईंना साखर होतीच, पुढे मूत्रपिंडांनी असहकार पुकारला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्यावरही मर्यादा घातली. आम्ही सगळे गंभीर चेहरे करून भेटायला गेलो, तर ताई म्हणतात, "बघा, आता मला बी पाळीनं पाणी. फक्त मिस कॉल द्यायला लाईनमन नाय." डायलिसिसच्या खाटेवर त्या लॅपटॉप घेऊन जायच्या. एक हात सुयांना बांधलेला, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचं. तिथे हात धुवायला जाता यायचं नाही, म्हणून नर्सकडून सॅनिटायझर मागून घ्यायच्या. गल्लीतल्या बायका मला बाजूला घेऊन एकच विचारायच्या: "भाऊ, ताईंच्या मागं हे पाण्याचं कोन बघनार?" मी खांदे उडवायचो, कारण मला त्या प्रश्नाचाच राग यायचा.

मग तो घोटाळा झाला. सांभाळणाऱ्याचा पॅच कुणी तपासत नाही, तो थेट आत जातो. एका दुपारी डायलिसिसहून थकून आलेल्या ताईंनी एक छोटा बदल थेट आत घातला आणि त्यात दोन गल्ल्यांची अदलाबदल झाली. पाणी सुटलं मागच्या गल्लीत आणि निरोप गेला ताईंच्या गल्लीत. बायका कामं टाकून घरी धावल्या, पाइप जोडले, मोटरी लावल्या, नळ सुकेच. मागच्या गल्लीत पाणी येऊन गेलं, कुणाला पत्ताच नाही. थोड्या वेळानं ताईंच्या फाटकाशी रिकाम्या हंड्यांचा मोर्चा उभा राहिला. लाईनमनही सायकल टाकून आला होता. "आपा, मैं तो बराबर मिस कॉल मारा था," तो शपथेवर सांगत होता. "तुमाराच मशीन उलटा बोल्या."

ताई फाटकाशी आल्या, सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "मशीन नाय, मीच उलटं सांगितलं. चूक माझी." बायकाच ओशाळल्या. एकीनं तर ताईंसाठी स्वतःच्या घरातून कळशीभर पाणी आणून ठेवलं.

त्याच दिवशी ताईंनी मेलच्या गटात सगळ्या जगाला कळवलं, की आजपासून माझाही पॅच दारातून येईल, खिडकीतून नाही, आणि दारात हा गारखेड्याचा माणूस बसेल. गारखेड्याचा माणूस म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता ऐका. पुढचाच त्यांचा पॅच आला तो चुकलेला. साधी चूक, पण चूक. मी काय केलं असेल? तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. गुपचूप दुरुस्त केला आणि 'छान, घेतला' म्हणून कळवलं. आजारी माणूस, कशाला मन मोडायचं. तासाभरात फोन.

"माझ्या पॅचात तू हात घातलास."

"थोडंसंच होतं, ताई. मी म्हटलं…"

"काय म्हटलास? म्हातारी झाली, दुखनं झालं, राहू दे, असंच ना? ऐक. मला आयुष्यभर लोकांनी नाय म्हटलंय. घर भाड्यानं द्यायला नाय, प्रमोशनला नाय. त्याचं मला काय नाय वाटत. पन एकानं बी कारन सांगितलं नाय. आडून आडून बोलायचे, गोड बोलायचे. तू मला तोंडावर नाय म्हन आन् कारन सांग. तेवढाच तर फरक हाय आपल्या दारात आन् त्यांच्या दारात."

त्यांनी फोन ठेवला. मला ताईंचा राग आला नव्हता. मला त्यांची कीव आली होती आणि त्यांना ती फोनवरूनही दिसली होती, याची लाज वाटत होती.

पुढच्या आठवड्यात त्यांचा दुसरा पॅच आला. तोही चुकलेला. मी उठलो, मोरीत गेलो, तांब्याभर पाणी घेतलं, निम्मं वापरलं. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, पॅच आलाय. मग बसून लिहिलं: जय भीम, ताई. हे कुणी मागितलं होतं? तिसऱ्या ओळीत गल्ल्यांचा क्रम उलटा लागतोय, म्हणून नाकारत आहे. आणि डबा रिकामा जाऊ नये म्हणून बायकोनं केलेले धपाटे खऱ्याखुऱ्या डब्यात भरून पुंडलिकनगरात नेऊन दिले. ताईंनी दार उघडलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या खूश झाल्या, की मला आधीचा पॅच उगाच घेतला असं वाटायला लागलं. "आस्सं," त्या म्हणाल्या. "आता तू शिकलास." डबा परत आला तो दौलताबादच्या पेरूंनी भरून. कुणीतरी भेटायला येताना आणले होते, आणि ताईंना डॉक्टरांनी पेरू बंद केले होते.

त्यानंतर वर्षभर आमचं असंच चाललं. त्या पाठवायच्या, मी निम्मे घ्यायचो, निम्मे परत करायचो, डबा जायचा-यायचा. मग एका सकाळी एक पॅच आला. प्रोग्रामाबरोबर एक छोटी फाइल असते, हा प्रोग्राम कोण सांभाळतं त्यांची नावं तिच्यात असतात. तिच्यात एकच नाव होतं. पॅच म्हणत होता, हे नाव काढा आणि हे घाला. काढायचं नाव ताईंचं होतं, घालायचं माझं.

मी हात धुतले. तोंडही धुतलं. मग लिहिलं, "जय भीम. यात दोन कामं आहेत. एका पॅचमध्ये एकच काम. दोन करून पाठवा."

दुपारी फोन आला. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण हसू तेच होतं. "माझाच नियम माझ्याच तोंडावर फेकलास व्हय रे?"

"तुम्हीच शिकवलंत."

"शिकवून चुकलेच म्हनायचं."

संध्याकाळी दोन पॅच आले. पहिल्यात माझं नाव घातलं होतं. कारण लिहिलं होतं: हा नाही म्हणायला शिकला आहे. तो मी लगेच घेतला. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं तेवढंच एक प्रशस्तिपत्रक. दुसऱ्यात ताईंचं नाव काढलं होतं. कारण: आता माझ्याच्यानं होत नाही.

त्या दिवशी मी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही दिलं नाही. ताईंचा फोन आला. "कालपासून दारात उभी हाय मी."

"हात धुवायचेत, ताई. आमच्याकडं पाणीच आलं नाही."

"खोटं बोलू नको. गारखेड्याला आज सकाळी सुटलं. माझ्याच प्रोग्रामनं सांगितलंय."

"मोटर बिघडलीय."

"मग तांब्या घिऊन माझ्याकडं ये."

त्या हसल्या, हसता हसता दमल्या आणि म्हणाल्या, "बरं. बघतो तरी म्हन."

"बघतो," मी म्हणालो. तेवढ्यावर त्यांनी मला सोडलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातच ताई गेल्या. त्यांना घरी आणलं त्या दुपारी अंगणात गल्ली भरलेली होती. त्रिसरण-पंचशील झालं आणि सगळे डोळे मिटून उभे होते, तेवढ्यात अंगणातले सगळे फोन एकदम वाजले. पाणी सुटलं. लाईनमनला कुणी कळवलंच नव्हतं, त्यानं नेहमीसारखा व्हॉल्व्ह उघडून मिस कॉल दिला होता. कुणी हललं नाही. घराघरांतून रिकाम्या टाक्यांत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. मग ताईंच्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "जा गं, एकेक जन जाऊन भरून या. वाया गेलेलं तिला चालायचं नाय." आणि बायका पाळीपाळीनं जाऊन भरून आल्या.

मी गटात दोन ओळींत कळवलं. नंतर बरेच दिवस मला लॅपटॉप उघडवला नाही. उघडला तेव्हा ताईंचा तो पॅच तसाच होता, उत्तराची वाट बघत. पण त्याच्याखाली लोक येऊन गेले होते. पहिला जॉर्डनचा. त्यानं एकच ओळ लिहिली होती, रोमन अक्षरांत, मराठीत: हे कुणी मागितलं होतं? त्याच्याखाली जर्मन आजोबा: हे कुणी मागितलं होतं? त्याच्याखाली बंगळुरूची मुलगी. त्याच्याखाली पुण्याचे गृहस्थ, पहिल्यांदाच कसलीही घाई न करता. मी ते वाचत गेलो आणि मला हसू आलं, आणि मग जे आलं ते हसू नव्हतं.

पण दारात बसवलेल्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं. हो किंवा नाही, आणि कारण. फार दिवस दारात उभ्या होत्या ताई. डबा रिकामा जाईल ही काळजी नव्हती, तो लोकांनी आधीच भरून ठेवला होता. मी मोरीत गेलो, तांब्याभर पाणी घेतलं, निम्मं वापरलं, हात पुसले आणि लिहिलं:

जय भीम, ताई. पॅच चांगला आहे. कारण वाईट आहे. कारण बदलून पाठवा.